निळा नाही, तर हिरवा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

सातारा जिल्ह्यातल्या एका तरुणाचं हे पत्र. वय बावीस पूर्ण. बी.एस्सी. झाला आहे, एनसीसीच्या हवाई विभागाचं 'सी' प्रमाणपत्र हाताशी आहे. शाळेत असताना पुण्याला मामाकडे गेला, तेव्हा लोहगावच्या धावपट्टीवर उतरणारं सुखोई पाहिलं आणि फायटर पायलट व्हायचं ठरलं. एफकॅट ही लेखी प्रवेश परीक्षा पास होऊन तो हवाई दलाच्या निवड मंडळापुढे गेला. अर्जात फक्त फ्लाइंग शाखाच निवडली होती. मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची कामं, मुलाखत, सगळं पार पडलं, शिफारसही झाली. पण त्यानंतरच्या सीपीएसएस या वैमानिक चाचणीत तो नापास झाला, आणि ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. 'मी सैन्यासाठी नालायक ठरलो,' असं तो लिहितो. आता त्याने लष्कराचं ठरवलं आहे: सीडीएस ही अधिकारी-भरतीची परीक्षा द्यायची आणि स्पेशल फोर्सेसमधला पॅरा कमांडो व्हायचं. वडील, म्हणजे आबा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. ते म्हणतात, 'विमानाचा नाद झाला, आता हा दुसरा कशाला? पुण्याला जा, एमपीएससीचा क्लास लाव.' चुलते पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत, ते गप्प आहेत. मित्र म्हणतात, हवाई दलातली ग्राउंड ड्युटी, म्हणजे न उडता जमिनीवर करायची नोकरी, ही नुसती फायली उचलणं. त्याचे प्रश्न दोन: 'मी खरंच नवं ध्येय ठरवलंय, की हरलोय हे मान्य करायला मन तयार नाही? आणि मुलाखतीत विचारलं की उडता आलं नाही म्हणून इकडे आलास का, तर काय सांगू?'

उत्तर:

मित्रा, आधी ते 'नालायक' खोडू या. तूच लिहिलं आहेस की निवड मंडळाने तुझी शिफारस केली होती. त्या चार-पाच दिवसांत एका अधिकाऱ्याने तुझी मुलाखत घेतली, दुसऱ्याने तुला मैदानावर दोऱ्या-फळ्या-पिंपांशी झटताना पाहिलं, तिसऱ्याने तुला न भेटता फक्त तुझं लिखाण वाचलं. तिघांचंही मत पडलं की हा मुलगा अधिकारी होऊ शकतो. निम्म्याहून जास्त मुलं पहिल्याच दिवशी स्क्रीन आऊट होऊन संध्याकाळची गाडी पकडतात, हे तू स्वतः पाहिलं असशील. तू त्या सगळ्यातून पुढे गेलास.

मग यंत्रापुढे बसलास. डायल पाहून विमान कुठे झुकलंय ते ओळखायचं, हातात कांडी आणि पायात पॅडल सांभाळत पडद्यावरची खूण धरून ठेवायची, मध्येच दिवा लागला की त्यालाही उत्तर द्यायचं. हात, पाय, डोळे आणि कान एकाच वेळी किती जुळतात एवढंच तिथे मोजलं जातं. तुझं धैर्य, तुझी हुशारी, माणसं सांभाळायची तुझी ताकद हे त्या यंत्राला दिसत नाही, आणि ते पाहायचा त्याचा दावाही नाही. ही चाचणी एकदाच देता येते, कारण त्यांना उपजत कल हवा असतो, सरावाने आलेला नको असतो. तो निकाल कडक आहे, पण एका कामापुरता आहे.

वाईट वाटणारच. ते लवकर संपव असं मी सांगणार नाही. डॉ. कलामांना डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत आठ जागांसाठी नववा क्रमांक मिळाला होता, ही गोष्ट तुला आतापर्यंत दहा जणांनी ऐकवली असेल. मी अकरावी होत नाही. पुढे राष्ट्रपती झालेल्या माणसाची गोष्ट ऐकून आज रात्री कुणाला झोप लागत नाही.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते. तुला उडायचं होतं, की सैन्यात जायचं होतं? शाळेपासून परवापर्यंत या दोन गोष्टी तुझ्या मनात एकच होत्या, त्यामुळे त्या वेगळ्या करून पाहायची वेळच आली नाही. अर्जात एकच शाखा निवडली होतीस, त्यातही ते दिसतं. दुसरी शाखा भरली असतीस तर कदाचित आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती, पण त्यावर आता हळहळून उपयोग नाही.

उत्तर 'उडायचं होतं' असं असेल, तर खरं काय ते ऐक. नौदलाचा किंवा लष्कराच्या हवाई शाखेचा वैमानिक होऊ, असा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाक. तिथेही वैमानिक म्हणून जायला हीच चाचणी लागते आणि तुझी संधी वापरून झाली आहे. नागरी वैमानिकाचा परवाना मात्र तुला बंद नाही. त्याला सीपीएसएस लागत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी विभागाची वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि दोनशे तासांचं उड्डाण लागतं. पण खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो आणि परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. डेपोतल्या पगारावर आणि दोन-तीन एकरांवर हे कर्ज काढायचं का, याचं उत्तर तू आणि आबांनी एकत्र बसून द्यायचं. माझं मत विचारशील तर जमीन गहाण टाकून नाही.

उत्तर 'सैन्यात जायचं होतं' असं असेल, तर मला तुझ्या नव्या ध्येयाबद्दल थोडं खटकतंय. फायटर पायलट गेला आणि काही आठवड्यांत पॅरा कमांडो आला. दोन्हींत साम्य काय? दोघांचे फोटो भिंतीवर लागतात. मोबाइलवर पॅरा कमांडोंच्या मरून टोपीचे व्हिडिओ, त्यामागे ढोल-ताशा, खाली हजारो 'जय हिंद'. तुझं मन एक शिखर ढासळलं म्हणून तेवढ्याच उंचीचं दुसरं शोधतंय, असं मला वाटतं. ही हार नाकारण्याचीच एक रीत आहे. चूक असेलच असं नाही, पण तपासून घ्यायला हवी.

तपासायचं कसं? ध्येयाच्या फोटोकडे नको, त्याच्या साध्या मंगळवाराकडे बघ. सीडीएसमधून कुणी थेट पॅरा कमांडो होत नाही. प्रशिक्षण, मग कुठलं तरी दल किंवा पलटण, आणि स्पेशल फोर्सेससाठी स्वेच्छेने नाव दिलंस तर कस काढणारं प्रोबेशन. त्यात टिकणारे थोडे. बाकीचे आपापल्या पलटणीत परततात आणि उत्तम अधिकारी म्हणून नोकरी करतात. म्हणून तुझा खरा प्रश्न असा आहे: ते प्रोबेशन जमलं नाही, किंवा मुळात तोफखाना, सिग्नल्स नाहीतर सर्व्हिस कोअर मिळाली, तरी मला हे आयुष्य हवं आहे का?

याचं उत्तर द्यायला तुझ्या घरातच माणूस आहे. सुभेदार झालेल्या माणसाने अकादमीतून नुकते आलेले कितीतरी लेफ्टनंट जवळून पाहिलेले असतात. बऱ्याचदा त्यांना घडवतोही तोच. चुलते गप्प आहेत कारण त्यांना कुणी नीट विचारलं नसेल. 'काका, मी आर्मीत जाऊ का?' असं विचारू नकोस. त्यावर ते एक तर 'जा' म्हणतील नाहीतर आबांकडे बघतील. त्याऐवजी विचार, 'तुमच्या पलटणीत नवा साहेब आला की पहिले सहा महिने काय करायचा? कुठल्या साहेबाबरोबर पुन्हा पोस्टवर जायला तुम्हाला आवडलं असतं, आणि का?' मग वही घेऊन ऐक. पहाटेची पीटी, जवानांबरोबर धावणं, लंगरात जेवण चाखून बघणं, रायफलींची मोजदाद, रात्री दोन वाजता पहाऱ्यावरचा जवान जागा आहे ना हे जाऊन बघणं. कुणाच्या घरी भावकीत जमिनीचा वाद पेटलेला, तर त्याची रजा मंजूर करणं आणि तिथल्या कलेक्टरला पत्र लिहिणं. हे ऐकताना तुला कंटाळा आला, तर तो कंटाळा खरा मान. उलट मध्येच प्रश्न सुचायला लागले, तर समज की ध्येय तुझं आहे.

आता तुझ्या मित्रांच्या 'फायली उचलण्या'बद्दल. हे मला खोडायचंच आहे, कारण अशी पत्रं मला नेहमी येतात. हवाई दलातली ग्राउंड ड्युटी म्हणजे एक काम नाही. तांत्रिक शाखा अभियंत्यांसाठी आहे, ती तुझ्यासाठी नाही. पण प्रशासन शाखेतलेच अधिकारी हवाई वाहतूक नियंत्रण आणि फायटर कंट्रोलचं काम करतात. रडारच्या पडद्यासमोर बसलेला फायटर कंट्रोलर वैमानिकाला रेडिओवरून सांगतो की शत्रूचं विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे, कुठे वळायचं. २०२२ मध्ये हवाई दलाने वेपन सिस्टिम्स ही नवी शाखा जाहीर केली. जमिनीवरून मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांसारख्या यंत्रणा चालवणारे अधिकारी तिच्यात एकत्र आणले आहेत. हवामान शाखा आहे, आणि भौतिकशास्त्राच्या पदवीधराने तिच्याकडे नाक मुरडू नये. या सगळ्यांसाठी वयाची मर्यादा सव्वीस आहे आणि सीपीएसएसमध्ये नापास झालेल्यांना इथे मज्जाव नाही. लहानपणापासून विमानांवर जीव टाकलेल्या मुलाने हा पर्याय एका ओळीत उडवून लावावा, याचं मला नवल वाटलं. रोज धावपट्टीवर दुसरे उडताना बघून जीव जळेल, असं कारण असेल तर मी समजू शकते, ते खरं कारण आहे. पण मित्रांचं कारण खरं नाही.

दुसरा प्रश्न, मुलाखतीचा. निवड मंडळात गेल्या गेल्या जो वैयक्तिक माहितीचा फॉर्म, पीआयक्यू, भरून घेतात, तो तू एकदा भरला आहेस. त्यात याआधी कुठल्या मंडळापुढे गेला होतात आणि निकाल काय लागला, याचे रकाने असतात. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तोच कागद असतो. त्यावर हवाई विभागाची एनसीसी आहे, हवाई दलाचं मंडळ आहे, आणि तू म्हणतोस, 'सर, आर्मी हेच माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं.' तो माणूस हसणारही नाही. फक्त पुढचा प्रश्न विचारील, आणि तिथून तू घसरत जाशील. लेखी चाचण्यांमध्येही बनाव टिकत नाही. एका शब्दावर काही सेकंदांत वाक्य लिहायचं असतं, साठेक शब्द एकामागून एक येतात, तेवढ्या वेगात खोटं सांभाळायला फार मेहनत पडते.

खरं सांग. हो, मला वैमानिक व्हायचं होतं, सीपीएसएसमध्ये नापास झालो, तो रस्ता संपला. इथपर्यंतचं वाक्य सरळ आवाजात म्हणता आलं पाहिजे. त्यानंतर सांगण्यासारखं तुझ्याकडे काहीतरी हवं, आणि ते पाठ करून येत नाही. मधल्या महिन्यांत तू काय केलंस? चुलत्यांकडून काय कळलं? पलटणीत कंपन्या किती, प्लाटूनमध्ये माणसं किती, नव्या लेफ्टनंटच्या हाती काय असतं? गावात दहा पोरं गोळा करून एखादं काम तडीस नेलंस का? 'उडता आलं नाही म्हणून आलास का?' याला 'सुरुवात तिथूनच झाली, सर' हे उत्तर चालतं. पुढचं वाक्य रिकामं असेल तर मात्र चालत नाही. म्हणूनच मी तुला उत्तर लिहून देत नाही. आज तुझ्याकडे ते पुढचं वाक्य नाही, आणि त्यात लाज नाही. सहा महिने आहेत.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. सीपीएसएसमध्येच थांबल्यामुळे तुझी वैद्यकीय तपासणी अजून झालेलीच नाही. पुन्हा वर्षभर अभ्यास करायच्या आधी एखाद्या चांगल्या डॉक्टरकडून, शक्यतो लष्करात नोकरी केलेल्या, कान, नाक, दात, डोळे, रंगदृष्टी, गुडघे, तळपाय आणि हर्निया-हायड्रोसिल एकदा बघून घे. कानातला मळ, वाढलेलं वजन, नाकाचं वाकडं हाड अशी कितीतरी कारणं आधी दुरुस्त होण्यासारखी असतात आणि ऐन वेळी मुलाला रडवतात. तिथे अनफिट ठरलास तर अपील मेडिकल बोर्डाकडे बेचाळीस दिवसांच्या आत जाता येतं, पण तिकडे जायची वेळच येऊ नये हे बरं.

आता आबा. तुझ्या पत्रात ते अडवणारे म्हणून आले आहेत. मला ते घाबरलेले दिसतात. मुलगा बरेच दिवस कुणाशी बोलत नव्हता हे त्यांनी पाहिलंय, आणि आता तोच मुलगा पुन्हा तसल्याच दारावर धडक द्यायला निघालाय. त्यांच्या दृष्टीने एमपीएससी म्हणजे सुरक्षित. खरं तर पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये जाऊन बघितलंत तर सुरक्षिततेचा तो समज टिकणार नाही. तिथे तिशीला टेकलेली मुलं आहेत, आणि त्यांच्याही बापांनी हाच सल्ला दिला होता. पण हे तू आबांना ऐकवून उपयोग नाही. त्यांना वाद नको, शेवट कधी ते हवंय.

तेव्हा त्यांच्यासमोर तारखा ठेव. डेहराडूनच्या लष्करी अकादमीसाठी, म्हणजे आयएमएसाठी, वय चोवीसपर्यंत, चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, म्हणजे ओटीएसाठी, पंचवीसपर्यंत, ग्राउंड ड्युटीला सव्वीसपर्यंत. सीडीएस आणि एफकॅट दोन्ही वर्षातून दोनदा होतात. शिवाय तुझ्या 'सी' प्रमाणपत्रावर लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळापुढे नेणारी एनसीसी स्पेशल एंट्री आहे, तिची जाहिरात नीट वाच. म्हणजे अमर्याद वर्षं नाहीत, मोजक्या खेपा आहेत. त्या कागदावर लिही, शेवटच्या खेपेखाली रेघ मार आणि रेघेच्या खाली काय करणार तेही लिही. एम.एस्सी., बी.एड., बँक, जे असेल ते. त्याची तयारी आजपासून अर्ध्या वेळात चालू दिसली, तर आबांचा आवाज खाली येईल. त्यांना हेही सांग की आयएमए किंवा ओटीएमध्ये प्रशिक्षणात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. आणि नावडतं तेही सांग: ओटीएमधून मिळते ती शॉर्ट सर्व्हिस, दहा वर्षांची, चार वर्षं वाढू शकणारी, आणि तेवढ्या सेवेवर साधारणपणे पेन्शन नाही. हे त्यांना नंतर दुसऱ्याकडून कळलं तर तुझ्या बाकीच्या शब्दावर विश्वास राहणार नाही.

क्लासवर लाखभर रुपये घालण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मार. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे सीडीएसची आणि एसएसबीची, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्यांची, तयारी राहण्या-जेवणासकट मोफत करून घेतात. चुलत्यांना ते ऑफिस माहीत असणारच. त्यांनाच घेऊन जा, त्या निमित्ताने ते बोलायला लागतील.

याच वाटेवरच्या इतर वाचकांसाठी थोडं. एनडीए हुकलेल्यांनो, साडेएकोणीस ओलांडलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, पदवीनंतर वर सांगितलेले रस्ते आहेत. दहावीतल्या मुलांनी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची, म्हणजे एसपीआयची, प्रवेश परीक्षा चुकवू नये. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली, सतरा जणी होत्या. भरतीत जवान म्हणून लागलेल्यांना आतूनही अधिकारी होता येतं, डेहराडूनचं आर्मी कॅडेट कॉलेज त्यासाठीच आहे. आणि ज्यांनी दुसरी नोकरी-धंदा धरला पण वर्दी मनातून जात नाही, त्यांच्यासाठी टेरिटोरियल आर्मी आहे. पदवीधराला तिथे बेचाळीस वर्षांपर्यंत अधिकारी म्हणून अर्ज करता येतो. आपला कामधंदा सांभाळून ठरावीक काळ सेवा द्यायची. आबांसारख्या बापांना हा पर्याय पटकन पटतो, असा माझा अनुभव आहे.

तुझ्या पहिल्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर मी दिलं नाही, कारण ते मला ठाऊक नाही, आणि चुलत्यांशी दोन-चार संध्याकाळी बोलल्याशिवाय तुलाही कळणार नाही. पण माझा कल विचारशील तर ऐक. ज्या मुलाला निवड मंडळाने एकदा शिफारस दिली, त्याने मोजक्या खेपा जरूर कराव्यात. मात्र पॅरा कमांडोचा हट्ट बाजूला ठेवून, आणि लष्कराबरोबर ग्राउंड ड्युटीचाही अर्ज भरून. जुनी शिफारस पुढे चालत नाही, प्रत्येक वेळी पहिल्या दिवसापासून सुरुवात. ती तुला एकदा जमली आहे.

या खेपेचा सीडीएसचा फॉर्म भरताना दोन गोष्टी बघ. जन्मतारखेची अट प्रत्येक अकादमीला वेगळी असते, ती जाहिरातीतून स्वतः वाच, मित्राच्या स्क्रीनशॉटवरून नको. आणि पसंतिक्रमात एअर फोर्स अकॅडमी टाकू नकोस. सवयीने हात तिकडे जाईल, पण सीपीएसएसमध्ये नापास झालेल्याला तिथे पात्रता नाही.